सबुरीमामाचा मदरबोर्ड

माझा मामा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घेऊन त्याच्या लॅबमध्ये पाठवतात आणि त्या ठशावरून मामा मेण, साचा, खोटे दात असं करत करत पुरं तोंड उभं करतो. ज्यांच्यासाठी इतकं घासूनपुसून काम करतो, त्यांतल्या एकालाही त्याने पाहिलेलं नसतं. तरी रस्त्यात एखादं म्हातारं माणूस मोकळेपणाने हसलं, की तो मला कोपराने ढोसतो आणि हळूच म्हणतो, "वरची आपली वाटते."

या कामात घाई चालत नाही. मेण गार होऊ द्यावं लागतं, साचा वाळू द्यावा लागतो. ती सवय मामाच्या हाडीमासी इतकी भिनली, की आम्ही भाचरं त्याला सबुरीमामाच म्हणायला लागलो. छत्री तो हिवाळ्यात घेतो आणि स्वेटर उन्हाळ्यात. लग्न ठरल्यावरसुद्धा म्हणाला होता, जरा थांबू, हॉल स्वस्तात मिळेल. असं माझी आई सांगते आणि मामी ते खोडून काढत नाही.

माझं अगदी उलट. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांना 'ब्रेक, ब्रेक' म्हणून ओरडते, पण स्वतःला ब्रेक नाही. त्यामुळे मामाचं आणि माझं लहानपणापासून वाजत आलंय. तो मला फार आवडतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

त्याच्या सबुरीला खरं राज्य मिळालं ते कॉम्प्युटरच्या नादात. लॅबमधून घरी आला की मामा कॉम्प्युटर जोडायचा. तयार मशीन विकत आणणं म्हणजे त्याच्या लेखी दुसऱ्याच्या मापाची कवळी तोंडात घालणं. मदरबोर्ड एका दुकानातून, प्रोसेसर दुसऱ्या, पंखा तिसऱ्या. आणि प्रत्येक वस्तू तिचा भाव पडेल तेव्हाच. कारण या बाजाराचा तेव्हा एक साधा नियम होता. आज महाग असलेली चीज सहा महिन्यांनी स्वस्त व्हायची आणि दोन वर्षांनी तिला कुणी विचारायचं नाही. सोनं, दूध, पेट्रोल, घरभाडं, कशाचाही भाव असा उतरत नाही. सगळ्या जगात मामाच्या स्वभावाला साजेसा असा एकच बाजार होता आणि तो नेमका त्याला सापडला होता.

आमच्या नात्यातल्या घराघरात त्याने बांधलेलं एकेक मशीन आहे. तो पैसे सामानाचे तेवढे घेतो, मजुरी नाही. फक्त मशीन तयार झालं की चाचणीच्या नावाखाली काही दिवस स्वतःकडे ठेवतो आणि त्यावर ट्रक चालवायचा खेळ खेळतो. पडद्यावर बर्फाळ घाटातून लाकडाचे ओंडके घेऊन चाललेला मामा बघितला, की माझा पाय आपोआप फरशीवर ब्रेक शोधतो. माझ्या कॉलेजसाठी त्याने मशीन बांधायला घेतलं, ते हातात येईपर्यंत माझं कॉलेज संपलं होतं. पण ते अजून चालतंय. आता बोलणार काय!

मामी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. सुरुवातीला तिरक्या टेबलावर, ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनने. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्यावर. निवृत्त झाली त्या दिवशी तिने मामाकडे एकच गोष्ट मागितली. ऑफिसात होतं तसं, नकाशे पेलणारं दणकट मशीन. "इतकी वर्षं लोकांची घरं काढली. आता एक माझ्या मनातलं काढणार आहे," ती म्हणाली. गोल जिना असेल, माडीला पुढे-मागे गॅलऱ्या असतील, असं काय काय ती हसत हसत सांगायची. मामा म्हणाला, "अगं, तुझं मशीन म्हणजे साधंसुधं नाही. एक नंबर करून देतो."

आणि इथेच घोळ झाला. इतरांच्या मशीनला तो वर्ष-दीड वर्ष लावायचा. हे सगळ्यांत चांगलं व्हायला हवं, म्हणून यासाठी तो सगळ्यांत जास्त थांबला.

आधी आलं कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा पत्र्याचा डबा. तो हॉलमध्ये रिकामाच उभा राहिला तेव्हा मामीने त्यात कांदे ठेवायला सुरुवात केली. हवा छान खेळते, म्हणाली. मग एका सेलमध्ये मदरबोर्ड मिळाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ही जेवणाच्या ताटाएवढी एक पाटी असते आणि मशीनचं बाकी सगळं सामान तिच्यावर बसतं. मामाने ती तळहातावरच्या फोडासारखी जपली. लोक पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवतात, हा मदरबोर्ड दाखवायचा. माळ्यावरून खोकं काढायचा, चंदेरी पिशवीतून बोर्ड बाहेर सरकवायचा, मधल्या चौकोनावरचं काळं झाकण उचलायचा. त्या चौकोनात प्रोसेसर बसतो. तिथे केसासारख्या बारीक सोनेरी पिना दाटीवाटीने उभ्या असतात. "हात नका लावू, नुसतं बघा," म्हणायचा. पाहुणे बिचारे वाकून बघायचे आणि छान आहे म्हणायचे.

पुढे प्रोसेसर आला. राहिली रॅम, म्हणजे मशीनच्या स्मरणशक्तीची पट्टी, आणि पडद्यावरची चित्रं पेलणारं ग्राफिक्स कार्ड. रॅमचे भाव त्या दिवसांत इतके पडले होते, की दुकानदार स्वतः फोन करायचा, "काका, आता घेऊन टाका." मामा म्हणायचा, "अजून पडतील." आणि खरंच पडायचे! दर वेळी हाच खरा ठरायचा, हीच तर पंचाईत होती.

मी एकदा मामीवर चिडले. म्हटलं, "तू त्याला काही बोलत का नाहीस? उद्या मशीनवर कांदे उगवतील."

मामी म्हणाली, "अगं, माणूस एखाद्याच गोष्टीत हुशार असतो. तेवढं तरी राहू दे की त्याच्याकडे."

त्याच वर्षी तिचा उजवा हात थरथरू लागला. आधी कपबशी वाजायची. मग बटणं लावायला वेळ लागू लागला. मीच दोघांना गाडीत घालून मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. कंपवात, ते म्हणाले. गोळ्यांनी पुष्कळ दिवस चांगले जातील, घाबरू नका. पण हात पूर्वीसारखा होईल असं मात्र धरून चालू नका. पुढे चालण्यावरही परिणाम होईल. हाताची बारीक कामं करायची राहिली असतील तर आताच करून घ्या. मामी एकेक शब्द नीट ऐकत होती. मामा टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मेंदूकडे असा बघत होता, जणू त्याचं फिटिंग चुकलंय आणि ते आपण दुरुस्त करू शकतो.

कागदावर रेघ ओढणं तर संपलंच. पण कॉम्प्युटरवर रेघ ओढावी लागत नाही, हे मामीनेच मला सांगितलं. इथे एक टिचकी मारायची, तिथे एक, मधली रेघ मशीन सरळ काढतं. टिचकीपुरता हात थांबला की झालं. "तेवढा अजून थांबतो," ती म्हणाली आणि मला हात पुढे करून दाखवला. बोटं हलत होती, पण मधेच क्षणभर थांबत होती. त्या क्षणांच्या जोरावर ही बाई घर काढायला निघाली होती. मला रडू आलं की मी चिडते, तशी चिडले आणि थेट मामाकडे गेले. "मामा, बास झालं. आज रॅम घ्यायचीच."

मामाच्या स्वतःच्या मशीनचं म्हणाल, तर त्यातलं ग्राफिक्स कार्ड तेवढं तरणं होतं, ट्रकसाठी घेतलेलं. बाकी सगळं थकलेलं. मामीचं नकाशांचं सॉफ्टवेअर त्याच्यावर उघडता उघडता मान टाकायचं.

आम्ही बाजारात गेलो. कॉम्प्युटरच्या सामानाची ती गल्ली मामाला घरच्यासारखी. पण दुकानाच्या काचेवर नेहमी भावांचा कागद चिकटवलेला असायचा, तो नव्हता. दुकानदार म्हणाला, "काका, सकाळी लिहिलेला भाव संध्याकाळी खोटा ठरतो. लिहिणंच सोडून दिलं." त्या एआयवाल्या बड्या कंपन्या म्हणे रॅम गोदामंच्या गोदामं उचलत होत्या. कारखान्यांनाही तेच गिऱ्हाईक गोड. घरी बसून एकेक मशीन जोडणारा माणूस कुणाच्या खिजगणतीत नव्हता. रॅम चढली तशी मागोमाग कार्डं चढली, डिस्क चढल्या, बोर्डसुद्धा चढले. दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा मला वाटलं, हा दोन मशीनचा सांगतोय.

"फुगा आहे," मामा म्हणाला. "फुटेल."

आम्ही हात हलवत परत आलो. गाडीत मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याची बाजूही मला कळत होती, म्हणून तर जास्त राग येत होता. उभ्या आयुष्यात ज्या एका नियमाने त्याला कधी दगा दिला नाही, तो नेमका बायकोच्या वेळी फिरला होता, आणि दुसरा कुठलाच डाव त्याला येत नव्हता.

फुगा फुटला नाही. भाव दुप्पट झाले, मग त्याच्याही वर गेले. मामा रोज फोनवर भाव बघायचा आणि रोज एखादी आशेची बातमी घेऊन यायचा. एका दुपारी मी तिथे असतानाच तो चहा पिता पिता म्हणाला, "वाचलंस का, नवे कारखाने उभे राहतायत. पुढच्या वर्षी बघ, धाडकन खाली येतात की नाही."

मामीने बशी टेबलावर ठेवली. ती ठेवतानाही वाजलीच. "अहो," ती म्हणाली, "भाव येतील खाली. माझा हात नाही यायचा परत."

ती चिडली नव्हती. बाहेर ऊन आहे, छत्री न्या, असं सांगावं तशा आवाजात म्हणाली. मामाने कप खाली ठेवला, मोजे न घालताच बूट चढवले आणि बाहेर पडला. मी किल्ली घेऊन त्याच्या मागे धावले.

दुकानात जाऊन तो फक्त "दे" म्हणाला.

"कितीला बसवायची, काका?"

"जो भाव असेल तो लाव."

वीस-पंचवीस वर्षं या माणसाने घासाघीस केल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा उचलला नव्हता. दुकानदार खूश व्हायच्या ऐवजी घाबरला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काकांची तब्येत बरी आहे ना?" रॅमच्या दोन पट्ट्या घ्यायच्या होत्या, एकच परवडली. ग्राफिक्स कार्डाचं नावही मामाने काढलं नाही. घरी आल्यावर त्याने स्वतःचं मशीन उघडलं आणि त्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "ट्रकवाल्यांना जरा सुट्टी," तो म्हणाला.

रविवारी जेवणं आटोपल्यावर जोडणी सुरू झाली. कॅबिनेटमधले कांदे टोपलीत गेले, सालं झटकली. मामाने हात धुऊन पुसले, बोर्ड बाहेर काढला, काळं झाकण उचललं आणि तसाच थांबला. मी वाकून बघितलं. सोनेरी पिनांच्या एका कोपऱ्यात काही पिना वाकून एकमेकींवर पडल्या होत्या, पायाखाली आलेल्या गवतासारख्या.

बोर्डाची वॉरंटी माळ्यावर पडल्या पडल्याच संपून गेली होती. तसाही वाकलेल्या पिनांना ती लागू नसते. तसा बोर्ड आता बाजारात येत नव्हता, आणि दुसरा घ्यायचा तर आजच्या भावात प्रोसेसरसकट सगळंच बदलावं लागलं असतं. तेलही गेलं, तूपही गेलं. थांबून वाचवलेलं सगळं त्या कोपऱ्यात आडवं झालं होतं.

मामीचा चेहरा उतरला. "माझ्याच हातून झालंय ते," ती म्हणाली. "माळा आवरताना मी काढून बघितला होता. झाकण परत लावताना हातातून निसटलं."

"छे गं!" मामा म्हणाला. "तुझ्या भावाला दाखवत होतो ना, तेव्हा माझ्या शर्टाची बाही अडकली होती. मला तेव्हाच शंका आली होती."

मामाने पूर्ण बाहीचा शर्ट घातलेला मी आजवर पाहिलेला नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा अर्ध्या बाह्या आहेत.

मामा उठला आणि लॅबची पेटी घेऊन आला. भिंगाचा चष्मा लावला. कवळीच्या फटीतून मेणाचा कण काढायची सुईसारखी आकडी घेतली आणि टेबल खिडकीपाशी ओढलं. मी टॉर्च धरून उभी राहिले. "हलू नकोस. आणि श्वास तिकडे सोड," तो मला म्हणाला. एक पीन उचलायची, डोकं बाजूला करून बघायचं, पुन्हा कणभर उचलायची. जोर जास्त झाला की पीन तुटणार आणि तुटली की सगळं संपलं. टेबलाला धक्का लागू नये म्हणून मामी खुर्ची मागे घेऊन बसली होती. तरी तिचा उजवा हात तिने मांडीखाली दाबून धरला होता. मामाने ते पाहिलं. आकडी खाली ठेवून तो तिच्याजवळ गेला, तो हात मांडीखालून सोडवला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "त्याने काही होत नाही," म्हणाला आणि परत येऊन कामाला लागला.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा शेवटची पीन उभी राहिली. प्रोसेसर बसला, पंखा बसला, रॅमची एकुलती एक पट्टी खट्कन आत गेली. मामाने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळा तो काळाच.

"मेलं!" मी किंचाळले.

"अगं, जरा दम धर. नवी रॅम पहिल्यांदा ओळखायला बोर्डाला वेळ लागतो."

आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे राहिलो. मला काही सुचेना म्हणून मी मनातल्या मनात क्लच, गिअर, ब्रेक म्हणत होते. मग पडदा उजळला. मामी टाळ्या वाजवायला गेली, तिचे तळवे एकमेकांना चुकले आणि आम्ही सगळेच हसलो. मामाने चष्मा काढून डोळे पुसले. भिंगाने डोळे दुखतात, म्हणाला. दुखत असतीलही.

त्यानंतर मामी रोज सकाळची गोळी घेतली की मशीनवर बसायची. गोळीनंतर थोडा वेळ हात बराच ताब्यात असतो. कधी पाऊण भिंत व्हायची, कधी एखादी खिडकी. दाखवायची नाही. कुणी खोलीत आलं की पडदा बंद करायची. मामा बाहेरून विचारायचा, "जिना झाला का?" ती म्हणायची, "बघाल."

एके दिवशी तिने आम्हा दोघांनाही बोलावलं. मी गोल जिना शोधत होते, पण जिना नव्हता, माडी नव्हती, गॅलऱ्याही नव्हत्या. पडद्यावर त्यांचंच घर होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मात्र दारं रुंद केली होती. बाथरूमचा उंबरठा काढून उतार दिला होता, भिंतीला धरायचे दांडे लावले होते. ओटा एका बाजूने खाली आणला होता. मामाचं कामाचं टेबल आतल्या खोलीच्या खिडकीशी होतं आणि त्याच्यासमोर मामीचा पलंग, शेजारी चाकाची खुर्ची पुरी वळेल एवढी मोकळी जागा. प्रत्येक दाराचं, प्रत्येक दांड्याचं माप लिहिलेलं. उद्या गवंडी आला तर त्याला एक प्रश्न विचारावा लागला नसता.

"हे मला आताच करून ठेवायचं होतं," मामी म्हणाली. "नंतर मला काढता आलं नसतं, आणि तुम्हाला सुचलं नसतं. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर त्याने दवाखाना करून ठेवला असता."

एवढे दिवस आम्ही या बाईला स्वप्नातला बंगला काढायला बसवलंय असं समजत होतो. मला तिला मिठी मारायची होती, पण मामा मधे उभा होता. तो पडद्याजवळ वाकून एकेका खोलीवरून बोट फिरवत होता.

"माझी कॉट कुठाय?"

"ही काय. बाहेरच्या खोलीत."

"बाहेर का?"

"पुढे रात्रीबेरात्री मला उठवावं लागेल, कूस बदलावी लागेल. बाई ठेवू. तुमची रोज झोपमोड कशाला?"

"आत घे ती."

"जागा नाही हो. मी मोजलंय. खुर्ची वळायची नाही."

"मग कपाट बाहेर काढ."

मामीने त्याच्याकडे बघितलं. मग माउस धरला. सकाळ उलटून गेली होती, गोळीचा जोर उतरला होता. कपाट उचललं ते निसटून थेट बाथरूममध्ये जाऊन पडलं. दुसऱ्यांदा ओट्यावर चढलं. मी पुढे होणार होते, मामाने मला नजरेनेच थांबवलं. त्याने स्वतःही हात लावला नाही. तिसऱ्या खेपेला कपाट बाहेरच्या भिंतीला जाऊन टेकलं, आणि मग मामीने ती कॉट धरून, थांबत थांबत, दारातून आत आणली आणि आपल्या पलंगाच्या शेजारी ठेवली.

"मधे थोडी फट ठेवते," ती म्हणाली, "चादर खोचायला."

"नको," मामा म्हणाला.